सातव्या कारणातला माणूस

बेटावर सुट्टीला जाण्याची दहा कारणं आमच्या छापखान्यात आली तेव्हा ती नऊच होती. सहल कंपनीच्या बाईंनी शेठना सांगितलं, दहावं तुम्हीच काहीतरी टाका, नऊ बरं दिसत नाही. शेठनी ते काम कंप्युटरवर बसणाऱ्या मुलीवर ढकललं. तिला आम्ही सगळे ऑपरेटरच म्हणतो. तिने बेट पाहिलेलं नाही, शेठनीही नाही. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि मला म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा ना एखादं. तुमचा मुलगा आहे ना तिकडे?"

"होता," मी म्हणालो. "आता आहे की नाही, ठाऊक नाही."

ती ओशाळली. मी कटिंग मशीनकडे गेलो. माझं काम कागद कापायचं आणि घड्या घालायचं. छापलेलं काय आहे याच्याशी माझा संबंध घरी गेल्यावर येतो, कारण घरी ते वाचून दाखवावं लागतं.

आमच्या हिचे डोळे जात चाललेत. मधलं सगळं गेलंय, कडा तेवढ्या दिसतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात कडाही जातील. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी छापखान्यातलं काहीतरी खिशात घालून आणतो. औषधाच्या डब्यांवरची लेबलं, शाळेची माहितीपत्रकं, पंपाच्या दुरुस्तीचं पुस्तक, जे असेल ते. पंपाचं पुस्तक तिला फार आवडलं होतं. म्हणाली, यात कुणी कुणाला फसवत नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती लसूण सोलत बसली होती. "आज काय छापलंत?"

"सुट्टीला जायची कारणं. अजून कच्चा कागद आहे, पाच हजार छापायचेत."

"कुठे?"

मी बेटाचं नाव सांगितलं. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "वाचा," ती म्हणाली.

"कारण पहिलं. निळाशार, शांत समुद्र. वर्षाचे बाराही महिने पोहण्यायोग्य."

"बारा महिने पोहायला ती काय माणसं आहेत की मासे?"

"कारण दुसरं. पांढरीशुभ्र वाळू, गर्दीचा त्रास नाही."

"पाच हजार कागद वाटणार, आणि म्हणे गर्दी नाही. पुढे."

"कारण तिसरं. किनाऱ्यावर ऊन, डोंगरावर चहाचे मळे आणि थंडी. एकाच दिवसात दोन्ही ऋतू."

"आजारी पडायची सोय केलीय छान."

चौथं कारण कासवांचं होतं. कासवं किनाऱ्यावर येतात, वाळूत अंडी घालतात आणि परत फिरून बघतही नाहीत. पिल्लं आपली आपण समुद्रात जातात, आणि हे दृश्य पाहण्यासारखं असतं. यावर ती काही बोलली नाही. पाचवं खाण्याचं आणि सहावं तेलमालिशचं. मालिशवर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, पण आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी हसलो.

"कारण सातवं. हसरी माणसं. बोटीतून उतरताच..."

मी थांबलो. त्या कारणाशेजारी फोटो होता. किनाऱ्यावर एक माणूस नारळपाण्याचा ट्रे घेऊन उभा होता. टोपी, दाढी, काळा चष्मा, हसू. ट्रे धरलेल्या हाताची मधली दोन बोटं पहिल्या पेराच्या वर नव्हती.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही."

"अहो, नाही कसं? तुमचा आवाज बदलला."

तिला डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून कानांनी सगळं दिसतं. मी सांगितलं. एक माणूस आहे. त्याची दोन बोटं तुटलेली आहेत.

लसणाची ताटली तिने खाली ठेवली. "कोणत्या हाताची?"

मी नीट पाहिलं. "उजव्या."

"आपल्या भिंगरीचा डावा होता."

"हो."

"चेहरा?"

"दाढी आहे. चष्मा आहे. तसं काही सांगता येत नाही."

भिंगरी म्हणजे आमचा मुलगा. लहानपणी एका जागी उभा राहायचा नाही म्हणून ते नाव पडलं. तो बेटावर गेला त्याला अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा फोन यायचा. मग त्याने हॉटेल बदललं, जुन्या हॉटेलात नवा पत्ता नव्हता, आणि फोन बंद झाला. नऊ वर्षं. तो जिवंत आहे का हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. ही रोज एकदा तरी म्हणायची, डोळे जायचे ते जाऊ देत, एकदा आवाज ऐकला म्हणजे झालं.

"राहिलेली वाचा," ती म्हणाली. आठवं जुन्या देवळांचं आणि किल्ल्यांचं होतं. नववं असं: इथे आल्यावर तुम्हाला घराची आठवणही येणार नाही.

"हे मात्र खरं असणार," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तरी विचारा हो एकदा. कुणाला तरी विचारा."

आता त्या बोटांचं सांगायला हवं.

आमचं कटिंग मशीन तेव्हा जुनं होतं. कागदाचा ठोकळा पात्याखाली सरकवायचा, हाताने ठोकून कडा सारख्या करायच्या, आणि दुसऱ्याने हँडल ओढायचं. हँडल ओढलं की पातं खाली येतं, मधे थांबवता येत नाही. म्हणून दोन माणसं लागत आणि एक नियम होता. ज्याचे हात आत आहेत त्याने "घ्या" म्हणायचं. त्याने "घ्या" म्हटल्याशिवाय हँडलवाल्याने हँडलला हातही लावायचा नाही. हा नियम मीच पोराला पहिल्या दिवशी शिकवला होता. एकोणीस वर्षांचा होता तो. आत त्याचे हात होते आणि हँडलवर मी होतो.

त्या दिवशी शेठ बाहेरून ओरडत होते, गाडी आलीय, उरका. मी उरकलं. त्याने "घ्या" म्हटलं नव्हतं.

मी रक्त थांबवत होतो तेवढ्यात शेठ धावत आले आणि म्हणाले, कसं झालं? मी म्हणालो, पोराने मस्करीत हात घातला. ते शब्द माझ्या तोंडून कसे निघाले ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून निघाले नाहीत एवढं खरं. पण नंतर विचार करायला भरपूर वेळ होता. दवाखान्यात तेच सांगितलं, घरी हिला तेच सांगितलं. तो खाटेवर पडून माझ्याकडे बघत होता. मी खोटं बोलतोय असं तो एकदाही म्हणाला नाही. मी काय करतो ते बघत राहिला. मी काही केलं नाही. आठ महिन्यांनी तो बेटावर गेला.

बुधवारी सकाळी मी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून तोच कागद पुन्हा पाहत होतो. सदऱ्याचा खिसा. फोटोतल्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा उजव्या बाजूला होता. मी माझ्या छातीवर हात ठेवला. डावीकडे. समोरून शाईवाला आला, त्याचाही डावीकडे. मी ऑपरेटरकडे गेलो.

"हा फोटो असाच आला होता का?"

"कुठला, नारळवाला? नाही काका, मी उलटा केलाय. आरशातल्यासारखा."

"का?"

"तो पानाच्या बाहेर बघत होता ना. फोटोतला माणूस बाहेर बघत असला की वाचणाराही बाहेर बघतो. तो आत बघायला हवा. आम्ही नेहमीच फिरवतो." तिने खटखट केलं आणि मूळ फोटो पडद्यावर आला. तोच माणूस, तेच हसू, ट्रे डाव्या हातात. खिशावर हॉटेलचं नाव शिवलेलं. "उलटं केल्यावर अक्षरं पण उलटी झाली, म्हणून नाव पुसलं मी. काका? खुर्ची घ्या. तुम्हाला घाम आलाय."

मी तिला सांगितलं. बोटं कशी गेली ते सोडून सगळं सांगितलं. चांगली मुलगी आहे. जेवणाच्या सुट्टीत तिने हॉटेलचा नंबर शोधला, स्वतःच्या फोनवरून लावला, तिकडच्या माणसाशी इंग्रजीत बोलली. बोटं तुटलेला नारळवाला, आमच्याकडचा, असं काहीतरी. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "आहे! काका, आहे तो तिथे! बोलावताहेत." आणि फोन माझ्या हातात देऊन ती बाहेर जाऊन उभी राहिली.

खूप वेळ वाऱ्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी फोन उचलला.

"कोण?"

"मी," मी म्हणालो.

त्याने फोन ठेवला नाही.

"तुझा फोटो आलाय आमच्याकडे छपाईला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. "नारळपाण्याचा."

"हसतोय का त्यात मी?"

"हो."

"हस म्हणाले असतील."

"बरं आहे ना तिकडे?"

"समुद्र आहे. लोक येतात, बघतात, जातात." मग तो म्हणाला, "आई कशी आहे?"

"डोळे गेले जवळजवळ. कडा दिसतात फक्त. तुझा आवाज ऐकायचाय म्हणते. रोज म्हणते. आज संध्याकाळी लावून देऊ का?"

पुन्हा वारा.

"तिला सांगितलंत का तुम्ही?"

"काय?"

"बाबा, उगाच काय म्हणून विचारू नका."

मी खिशातल्या कागदाची घडी चाचपली.

"नाही सांगितलंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. "शेवटच्या फोनवर ती मला काय म्हणाली, माहितीये? म्हणाली, राजा, तिकडे तरी जपून काम कर, तुझ्या त्या मस्करीपायी आयुष्यभराचं करून बसलास. दर फोनला हेच. दर फोनला मी म्हणायचो, हो आई. दोन वर्षं हो आई म्हणालो. मग नाही जमलं."

"तू सांगायचंस तिला."

"मी सांगितलं असतं तर तिने कुणावर विश्वास ठेवला असता?"

ज्याची बोटं गेली तो दुसऱ्याला दोष देणारच, असंच ती म्हणाली असती. मीच तिला तसं पढवून ठेवलं होतं.

"आधी तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाने. रविवारी दुपारी बारा ते एक मी फोनपाशी असतो, तेव्हा बोटी नसतात. सांगून झालं असेल तर तिला फोन लावून द्या. मी तिच्याशी बोलेन, घरीसुद्धा येईन. नसेल सांगितलं तर लावू नका. मी इथे नाही असं समजा. मला पुन्हा हो आई म्हणायला लावू नका."

फोन ठेवला त्याने. ऑपरेटर आत आली. तिचे डोळे भरले होते. "काय म्हणाला?"

"रविवारी बोलू म्हणाला."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. तिने काहीच म्हटलं नव्हतं, पण तिला आनंद झाला होता.

तिने नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार दिवस माझ्याकडे होते, आणि सांगायचं होतं एकच वाक्य. त्याने घ्या म्हटलं नव्हतं. एवढंच.

बुधवारी संध्याकाळी मी ते तोंडात घेऊन घरी गेलो. ही दारातच उभी होती, माझ्या चपलांचा आवाज ओळखून. म्हणाली, आज भिंतीला धरून एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले, विचारा कशी. मी विचारलं. तिने दगड, पायरी, कुत्रं, सगळं सांगितलं. इतकी खुशीत होती. मी म्हटलं, आज नको.

गुरुवारी तिचं डोकं दुखत होतं. शुक्रवारी मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, "तुला तो दिवस आठवतो का, भिंगरीच्या बोटांचा?"

"न आठवायला काय झालं? तुमचा सदरा तीन पाण्यातून काढला तरी डाग गेला नाही." मग म्हणाली, "एक सांगू? तेव्हा मला तुमचंच जास्त वाईट वाटलं होतं. पोराने आगाऊपणा केला आणि बापाच्या हातून झालं. दुसरा असता तर वेडा झाला असता. तुम्ही कधी त्याला बोल लावला नाहीत."

मी पाणी प्यायला उठलो. भांड्यावर भांडं आपटलं. ती म्हणाली, "सावकाश." बारा वर्षं ती हे असं धरून बसली होती. माझ्या खोट्यातून तिने माझा चांगुलपणा काढला होता. आणि आता तिला जगात जे दिसतं ते माझ्या तोंडून दिसतं. मी पायरी म्हणालो की ती पाय उचलते. मी लाल म्हणालो की तिच्यासाठी ते लाल असतं. तो सांगणाराच खोटारडा निघाला तर तिने पाय कुठे टाकायचा? असं मी स्वतःला सांगितलं. हे तिच्यासाठी आहे असं सांगितलं. शुक्रवारी ते मला पटलंही.

शनिवारी सहल कंपनीच्या बाईंकडून प्रूफ तपासून परत आलं. दहावं कारण त्यांना आवडलं होतं, ऑपरेटरने शेवटी "कारण कशाला हवं? या!" असं लिहिलं होतं. सातव्या कारणाभोवती लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं: बोटं नीट करा, सुट्टीला जाणाऱ्यांना असलं बघायचं नसतं.

ऑपरेटर माझ्याकडे बघेना. "करू का काका? शेठ म्हणतात कर."

"कर."

तिने त्याच्याच दुसऱ्या हाताची बोटं उचलून या हाताला लावली. दहा मिनिटांचं काम. मी मागे उभा राहून पाहिलं. काम साफ झालं होतं, कुठे सांधा दिसत नव्हता. दुपारनंतर छपाई झाली आणि कागद माझ्याकडे आले. नवं मशीन एकट्याने चालवता येतं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खालीच येत नाही. पाच हजार कागद मी कापले आणि घड्या घातल्या. प्रत्येक घडीत तो धडधाकट हातांनी नारळपाणी देत हसत होता. आता हा कागद कुणी पाहिला तरी कुणाला काही विचारावंसं वाटणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची इतकी किळस आली की शेवटचे दोन गठ्ठे मी न बघताच बांधले.

रविवारी सकाळी मी दाढी केली, सदरा बदलला, चिठ्ठी खिशात ठेवली. ही म्हणाली, "कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग साबणाचा वास कशाला?"

बारा वाजले. रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. बोलायचं ठरवलं, खरंच ठरवलं. तोंड उघडलं आणि घसा खाकरला. फोन टेबलावर हाताच्या अंतरावर होता. बारा वाजून दहा. बारा वाजून वीस. तिकडे तो समुद्राकडे पाठ करून फोनशेजारी उभा असेल. साडेबारा. पत्रा ठोकायचा थांबला. ती मान थोडी वाकडी करून बसली होती, तसं केल्यावर मी तिला कडेने थोडा दिसतो.

पाऊणला तीच बोलली. "त्या फोटोचं विचारलंत का हो कुणाला?"

मंगळवारपासून तिने विचारलं नव्हतं. मी आपणहून सांगेन म्हणून थांबली होती.

"विचारलं," मी म्हणालो.

"मग?"

अजून पंधरा मिनिटं होती.

"तो दुसराच कुणीतरी आहे," मी म्हणालो. "उजवाच हात आहे त्याचा. मी बोललो त्याच्याशी."

तिने मान सरळ केली. आता मी तिला दिसत नव्हतो. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"त्याला घरी कोण कोण आहे?"

"आई आहे," मी म्हणालो. तेवढं खरं तोंडातून निसटलं.

"तिला माहीत आहे का, तो तिकडे आहे ते?"

"नाही."

"नाही?" ती पुढे झुकली. "अहो, मग तिला कळवायला नको का? ती बिचारी कुठेतरी बसली असेल वाट बघत. तुम्हाला ठावठिकाणा माहीत झालाय आणि तुम्ही असे गप्प बसलात? उद्या गेल्या गेल्या त्या मुलीला सांगा. म्हणावं, त्याच्या आईचा पत्ता काढ आणि कळव."

"सांगतो."

"विसराल."

"नाही विसरणार."

"उद्याच सांगा," ती म्हणाली. "रेंगाळू नका. एक एक दिवस कसा जातो ते मला माहीत आहे."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.